उष्णतेच्या वाटा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर कामगार चळवळीतील माणसाने उभे राहावे आणि वेतन, बोनस, संप हे नेहमीचे विषय सोडून पदार्थविज्ञानावर बोलावे, याचे आपणांपैकी कित्येकांस नवल वाटले असेल. आमचे शालेय शिक्षण नववीत संपले. त्यानंतरचे सारे शिक्षण कारखान्यात, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा अधिकारवाणीने बोलण्याचा आमचा दावा नाही. परंतु उष्णता हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. तो आमच्या अंगावर येऊन पडला. तो कसा, हे आधी सांगितले पाहिजे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. लोखंड ओतण्याच्या एका कारखान्यात, ज्याला कामगार फौंड्री म्हणतात, आमची युनियन होती. एप्रिलच्या अखेरीस, दुपारपाळीत, साच्यांत रस ओतण्याचे काम चालू असता विशी-बाविशीचा एक मुलगा भट्टीपुढे कोसळला. अंग भाजत होते, घाम थांबला होता, शुद्ध हरपली होती. इस्पितळात नेल्यावर तो वाचला. परंतु पुन्हा भट्टीपुढे उभा राहण्याइतका बरा काही झाला नाही आणि नोकरी सोडून गावी परतला. दुसऱ्या दिवशी आम्ही चारपाच जण व्यवस्थापकांकडे गेलो. त्यांनी आम्हांला शेडच्या लांबच्या भिंतीवर टांगलेल्या उष्णतामापकापुढे नेऊन उभे केले आणि म्हणाले, “हे पाहा, अडतीस अंश. बाहेर रस्त्यावर सावलीतही अडतीसच आहे. रस्त्यावर माणसे चालतातच ना?”

आम्ही निरुत्तर झालो. आकडा खोटा नव्हता, आणि मुलगा पडला हेही खोटे नव्हते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा असू शकतात, याचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. वाटाघाटीच्या मेजावर ज्याच्यापाशी उत्तर नसते त्याची बाजू खरी असूनही पडते, हा आमच्या धंद्यातला जुना अनुभव आहे.

त्या प्रश्नाचा पिच्छा पुरविण्यासाठी आम्ही वाचनालयात जाऊ लागलो. एका निवृत्त शिक्षकांनी शाळेतील विज्ञानाची पुस्तके आमच्याकडून पुन्हा पहिल्या पानापासून वाचून घेतली. तेव्हा ध्यानात आले की ज्या कोड्याने आम्हांला गप्प केले ते कोडे अडीचशे वर्षांचे जुने आहे. ते सोडविणाऱ्यांत मद्याच्या व्यापाऱ्याचा मुलगा होता, शिंप्याचा मुलगा होता, बिअर गाळणाऱ्याचा मुलगा होता आणि जहाजावरचा एक डॉक्टरही होता. त्यांचाच इतिहास आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

आरंभ आपल्या हातापासून करू. थंडीच्या दिवसांत पहाटे दाराच्या लाकडाला हात लावावा आणि मग त्याच दाराच्या लोखंडी कडीला लावावा. कडी गार लागते, लाकूड तितके गार लागत नाही. लोखंड जात्याच थंड आणि लाकूड, लोकर जात्याच उबदार, असेच माणूस हजारो वर्षे मानीत आला. हाताची ही साक्ष खोटी आहे हे ज्यांनी ठामपणे सांगितले त्यांत जोसेफ ब्लॅक हा अग्रणी होय. याचा जन्म १७२८ साली फ्रान्समधील बोर्दो येथे झाला. बाप मद्याचा व्यापारी. पुढे तो स्कॉटलंडमध्ये ग्लासगोच्या विद्यापीठात वैद्यक आणि रसायन शिकवू लागला. ब्लॅक आपल्या विद्यार्थ्यांना सांगे की एका खोलीत पुष्कळ वेळ ठेवलेल्या सर्व वस्तू, मग त्या धातूच्या असोत वा लोकरीच्या, अखेर एकाच उष्णतामानाला येतात. उष्णतामापक लावून पाहा, म्हणजे खात्री पटेल. मग हाताला फरक का जाणवतो? कारण हात वस्तूचे उष्णतामान सांगतच नाही. आपल्या अंगातून उष्णता किती वेगाने निघून चालली आहे, एवढेच तो सांगतो.

ब्लॅकचे दुसरे सांगणे याहून मोलाचे आहे. उष्णतेची तीव्रता वेगळी आणि उष्णतेचा साठा वेगळा. सहाणेच्या दगडावरून उडणारी ठिणगी शेकडो अंश तापलेली असते. पण ती हातावर पडली तरी फोडही येत नाही. उलट घागरभर कढत पाणी ठिणगीच्या मानाने थंडच म्हणावयाचे, परंतु ते अंगावर सांडले तर माणूस जन्माचा अधू होतो. उष्णतामापक तीव्रता दाखवितो. साठा किती आणि तो कोणत्या वाटेने कोठे चालला आहे, हे दाखवीत नाही. आमच्या व्यवस्थापकांच्या भिंतीवरील आकड्याला पहिला छेद येथे गेला.

१७६० च्या सुमारास ब्लॅकने एक प्रयोग केला. पातळ काचेचे दोन सारखे चंबू घेतले. एकात बर्फ, दुसऱ्यात तितकेच बर्फाइतके गार पाणी, म्हणजे फॅरनहाइटच्या मापाने ३३ अंशांचे. दोन्ही चंबू एका मोठ्या दालनात टांगून ठेवले. पाणी अर्ध्या तासात सात अंश चढून ४० वर आले. बर्फाला वितळून त्याच ४० अंशांवर येण्यास साडेदहा तास लागले, म्हणजे एकवीस पट वेळ. दालनातील हवा दोघांनाही सारखीच उष्णता देत होती. तर मग इतके तास बर्फात शिरलेली उष्णता गेली कोठे? ती बर्फाचे पाणी करण्यात खर्च झाली. उष्णतामापकावर तिचा मागमूस नाही. ब्लॅकने हिशेब मांडला की एवढ्या उष्णतेने तेच पाणी सुमारे १४० अंशांनी तापले असते. आजचा काटेकोर आकडा १४४ च्या आसपास आहे. दोन चंबू आणि एक घड्याळ यांवर मिळालेले हे उत्तर आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या माणसाविषयी आदर वाटतो.

हिला ब्लॅकने गुप्त उष्णता असे नाव दिले. पाण्याची वाफ होतानाही अशीच, पण कितीतरी अधिक उष्णता गुप्त होते. ब्लॅकच्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा एक कारागीर होता, जेम्स वॅट. १७६३-६४ च्या हिवाळ्यात न्यूकोमेनच्या वाफेच्या यंत्राची छोटी प्रतिकृती त्याच्याकडे दुरुस्तीला आली असता थोडीशी वाफ पुष्कळशा थंड पाण्याला उकळी आणते, हे पाहून तो चकित झाला. त्याचा उलगडा त्याला ब्लॅककडून मिळाला. १७६५ साली वॅटला वाफ थंड करण्याचे पात्र वेगळे ठेवण्याची युक्ती सुचली आणि पुढे त्यातून सारे गिरणीयुग उभे राहिले. परंतु गुप्त उष्णतेचे दुसरे एक काम आहे. आमच्या कामगाराच्या अंगावरील घाम वाळतो तेव्हा प्रत्येक ग्रॅम घामामागे सुमारे ५८० कॅलरी उष्णता त्याच्या कातडीतून उचलली जाते. एक ग्रॅम पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास लागते ती एक कॅलरी. त्यावरून ही उचल केवढी मोठी आहे याची कल्पना येईल.

आता उष्णता एका वस्तूतून दुसरीत जाते ती कोणत्या वाटांनी, ते पाहू. वाटा तीन आहेत. पहिली वहनाची. पळीचे एक टोक विस्तवात ठेवले की दुसरे टोक तापते, ती ही वाट. इंगेनहाउस नावाच्या डच डॉक्टराने १७८० च्या दशकात निरनिराळ्या धातूंच्या तारांना मेण लावून त्यांची टोके तापविली आणि कोणत्या तारेवरील मेण किती लांबवर वितळते हे पाहून धातूंची तुलना केली. पुढे या वाटेचे गणित बांधले जोसेफ फूरिये याने. हा फ्रान्समधील ओसेर गावच्या शिंप्याचा मुलगा. दहा वर्षांचा होण्याच्या सुमारास आईबापांना पारखा झालेला. नेपोलियनबरोबर तो इजिप्तला गेला, परत आल्यावर ग्रनोब्लला सरकारी अधिकारी झाला आणि जिल्ह्याचा कारभार पाहता पाहता उष्णतेचा अभ्यास करीत राहिला. १८०७ साली त्याने आपला निबंध पॅरिसच्या विद्वानांपुढे ठेवला, तेव्हा लाग्रांजसारख्या थोर गणितज्ञाने त्याच्या रीतीवर आक्षेप घेतला. अखेर १८२२ साली त्याचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील मुख्य नियम कोणालाही समजेल असा आहे: भिंतीतून जाणारी उष्णता ही दोन बाजूंच्या उष्णतामानांतील फरकाप्रमाणे आणि भिंतीच्या क्षेत्राप्रमाणे वाढते, जाडीप्रमाणे घटते, आणि प्रत्येक पदार्थाचा स्वतःचा एक अंक असतो त्याने तिला गुणावयाचे. तांब्याचा अंक सुमारे ४०० धरला तर त्याच मापाने लोखंडाचा ८०, पाण्याचा ०.६, लाकडाचा ०.१५ च्या आसपास आणि स्तब्ध हवेचा अवघा ०.०२५ येतो. लोखंडी कडी गार का लागते, पातेले धरावयास फडके का लागते आणि गोधडी ऊब का धरते, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या अंकांत आहेत. गोधडी स्वतः उष्णता देत नाही. थरांथरांत कोंडलेली हवा आपलीच उष्णता बाहेर जाऊ देत नाही, इतकेच.

दुसरी वाट अभिसरणाची. येथे आपली गाठ बेंजामिन टॉम्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड या विलक्षण गृहस्थाशी पडते. १७५३ साली अमेरिकेत जन्मलेला, लहानपणी दुकानात उमेदवारी केलेला हा माणूस बव्हेरियाच्या राजदरबारी सेनेची व्यवस्था पाहू लागला. १७९० साली म्यूनिकमधील भिकाऱ्यांना धरून त्याने कामशाळेत घातले आणि त्यांच्याकडून सैन्याचे कपडे करवून घेतले. कमीत कमी खर्चात त्यांचे पोट कोणत्या सूपाने भरेल याचाही त्याने बारकाईने हिशेब केला. कामगार चळवळीतील माणसाला हे वाचून रम्फर्डविषयी प्रेम वाटणे कठीण आहे. परंतु त्याची दृष्टी तीक्ष्ण होती हे मान्य केले पाहिजे. दाट भाताचे सूप तोंड पोळवते आणि पातळ सूप मात्र लवकर निवते, हे त्याला खटकले. पुढे एका मोठ्या उष्णतामापकातील मद्यार्कात धुळीचे कण वर-खाली फिरताना पाहून त्याला उमगले की तापलेला द्रव वर चढतो, थंड द्रव खाली उतरतो आणि त्या फिरण्यातूनच उष्णता नेली जाते. दाट पदार्थात फिरणे अडते, म्हणून तो आत तसाच कढत राहतो. पिठले वरून निवालेले दिसते आणि पहिल्याच घासाला टाळू भाजते, हा अनुभव आपणांपैकी कोणाला नाही?

तिसरी वाट प्रारणाची. हिला मधे पदार्थच लागत नाही. सूर्याची उष्णता आपल्यापर्यंत येते ती हिने, आणि भट्टीच्या तोंडाची उष्णता कामगाराच्या छातीवर आदळते तीही हिनेच. विल्यम हर्शेलने १८०० साली सूर्यप्रकाशाचे लोलकाने रंग वेगळे केले आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नाही तेथे, उष्णतामापक ठेवला, पारा चढला. जॉन लेस्ली याने १८०४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात दाखविले की एकाच कढत पाण्याने भरलेल्या पात्राची काजळी धरलेली बाजू पुष्कळ उष्णता फेकते आणि चकचकीत बाजू फारच थोडी. ऑस्ट्रियातील स्टेफान याने १८७९ साली याचे प्रमाण काढले: अगदी निरपेक्ष शून्यापासून मोजलेले उष्णतामान दुप्पट झाले तर प्रारण सोळा पट होते. अडतीस अंशांची हवा आणि बाराशे-तेराशे अंशांचा लोखंडाचा रस यांच्यात केवढी तफावत आहे, ती येथे ध्यानात यावी. भिंतीवरच्या उष्णतामापकाला भट्टी दूर होती. मुलाला ती समोर होती.

आता आणखी एक मूळ प्रश्न उरतो: ही उष्णता म्हणजे आहे तरी काय? अठराव्या शतकात बहुतेक पंडित तिला एक सूक्ष्म, वजनरहित द्रव मानीत. थोर रसायनज्ञ लाव्हाझिए याने १७८९ साली मूलद्रव्यांची यादी केली तीत या द्रवालाही स्थान दिले. या मताला धक्का दिला तो कारखान्यातच. म्यूनिकच्या शस्त्रागारात तोफांना भोके पाडण्याचे काम चाले. धातू आणि कीस फार तापतात हे बरम्यावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. रम्फर्डने त्यावर विचार केला. त्याने बोथट बरमा लावला, भोवती पाण्याची पेटी बसविली आणि घोड्यांकरवी यंत्र फिरविले. ६० अंश फॅरनहाइटचे पाणी अडीच तासांत विस्तवावाचून खळखळा उकळू लागले. बघे थक्क झाले. घर्षण चालू आहे तोवर उष्णता निघतच राहते, ती कधी संपत नाही. जी वस्तू कितीही काढली तरी संपत नाही ती साठविलेला द्रव असणे शक्य नाही. ती गतीच असली पाहिजे. हा निबंध १७९८ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला.

तरीही जुने मत आणखी चाळीस-पन्नास वर्षे टिकले. १८४० साली रॉबर्ट मायर हा जर्मन डॉक्टर डच जहाजावरून जावा बेटावर गेला. तेथे खलाशांची शीर तोडून रक्त काढताना ते नेहमीपेक्षा अधिक लाल दिसले. त्यावरून त्याने ताडले की उष्ण प्रदेशात शरीराला ऊब टिकविण्यासाठी कमी जाळावे लागते. अन्न, उष्णता आणि श्रम हे एकाच हिशेबातील रकमा आहेत. त्याच सुमारास मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डचा जेम्स जूल, मद्यनिर्मात्याचा मुलगा, पाण्यात वल्ही फिरवून उष्णता मोजीत होता. खाली उतरणारी वजने वल्ही फिरवीत आणि पाणी किंचित तापे. १८५० साली त्याने प्रसिद्ध केलेला आकडा असा: एक पौंड पाणी एक अंश फॅरनहाइटने तापविण्यास ७७२ पौंडांचे ओझे एक फूट खाली उतरले पाहिजे. आजचा आकडा ७७८ आहे. श्रम आणि उष्णता यांचा विनिमयदर प्रथमच इतका पक्का ठरला. घण मारणाऱ्याच्या बाबतीत याचा अर्थ असा की त्याच्या स्नायूंत जे इंधन जळते त्याचा पाचवा हिस्सा फार तर घणात उतरतो. बाकीची सारी उष्णता त्याच्याच अंगात राहते आणि ती बाहेर पडलीच पाहिजे. ती आपण होऊन गरमाकडून थंडाकडेच जाईल, उलट कधीही जाणार नाही, हा नियम याच काळात क्लॉसियसने मांडला.

आता कामगाराच्या शरीराकडे येऊ. कातडीचे उष्णतामान साधारण ३५ अंशांच्या आतबाहेर असते. हवाच ३८ अंशांची असेल तर वहन आणि अभिसरण या वाटा उलट्या वाहू लागतात. भट्टीसमोर प्रारणाची वाट तर आधीच उलटी असते. उरतो तो घाम. १७७४ साली चार्ल्स ब्लॅग्डेन आणि त्याचे मित्र लंडनमध्ये मुद्दाम तापविलेल्या खोलीत जाऊन राहिले. त्या खोलीत उष्णता १२० अंश सेल्सिअसच्या वर गेली. अंडी टणक उकडली, मांस भाजून निघाले. माणसे मात्र काही मिनिटे राहून सुखरूप बाहेर आली, कारण हवा कोरडी होती आणि घाम झपाट्याने वाळत होता. भात्याने वारा घातला तेव्हा मांस अधिकच लवकर भाजले. कातडीहून गरम हवेचा पंखा घाम वाळवील तेवढाच उपयोगी. घाम आटला की तोच पंखा माणसाला भाजू लागतो.

आणि हवा दमट असेल तर? लँकेशायरच्या विणाईखात्यांत एकोणिसाव्या शतकात धागा तुटू नये म्हणून मुद्दाम वाफ सोडीत. विणकरांनी याविरुद्ध गाऱ्हाणी केली, आणि १८८९ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून कोरड्या व ओल्या अशा दोन उष्णतामापकांनी दमटपणा मोजणे मालकांवर बंधनकारक केले. आमच्या मुंबईच्या गिरण्यांतही विणाईखात्याची हवा अशीच ओली ठेवीत. पुढे जे. एस. हॉल्डेन याने कॉर्नवॉलच्या खाणींत उतरून पाहणी केली आणि १९०५ साली सांगितले की गरम, स्तब्ध हवेत माणसाचे काय होईल हे नुसत्या हवेच्या उष्णतामानावर ठरत नाही. बुडाला ओले फडके गुंडाळलेला उष्णतामापक काय दाखवितो त्यावर ठरते. हा आकडा ३१ अंश सेल्सिअसच्या वर गेला की उघड्या अंगाने स्वस्थ बसलेल्या माणसाचाही ताप चढू लागतो. राबणाऱ्याची सीमा त्याहून पुष्कळच खाली. १९३० साली व्हर्नन याने प्रारण मोजण्यासाठी तांब्याच्या पोकळ गोळ्याला काळा रंग देऊन आत उष्णतामापक बसविला. लेस्लीची काजळी येथे कामास आली. १९५७ साली यॅग्लू आणि मिनार्ड यांनी अमेरिकेतील सैनिकांच्या शिबिरांवरून ओले फडके व काळा गोळा यांचे आकडे एकत्र करण्याची रीत प्रसिद्ध केली. छपराखाली सात हिस्से ओल्या फडक्याचे, तीन हिस्से काळ्या गोळ्याचे.

हे सर्व समजून घेण्यास आम्हांला दहा महिने लागले. पुढच्या मार्चमध्ये आम्ही पाण्याच्या टाकीतील तांब्याचा तरंगता गोळा आणला, त्याला चुलीच्या काजळीने काळा केला आणि आत उष्णतामापक बसविला. तो भट्टीपुढे, मुलगा जेथे उभा असे तेथे टांगला. भिंतीवर ३६ अंश होते, गोळ्यात ५४. व्यवस्थापकांनी चष्मा पुसून दोनदा पाहिले. त्या वेळी लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्याचे तेरावे कलम आम्ही सोबत नेले होते. ज्या कामाने अतिरिक्त उष्णता होते ते वेगळे करावे किंवा तापणारे भाग झाकून घ्यावेत, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. अर्धा तास वादावादी झाली, पण या खेपेस बोलणी हवेत नव्हती. महिन्याभरात भट्टी आणि माणसे यांच्यामध्ये चकचकीत पत्र्याचे पडदे उभे राहिले, ओतणाऱ्यांना पाळीपाळीने विसावा मिळू लागला, पिण्याचे पाणी भट्टीच्या खात्यात आले. छताची उंची वाढविण्याची मागणी मात्र मान्य झाली नाही. आणि जो मुलगा गावी गेला तो गेलाच; त्याला आमचे ज्ञान वर्षभर उशिरा मिळाले.

ही चुटपूट आमच्या मनातून गेलेली नाही, आणि म्हणूनच आज हा विषय घेतला. फूरियेचे गणित आम्हांला आजही नीट येत नाही. पण आकडा कोणी पुढे केला की तो काय मोजतो, कोठे मोजला आणि काय मोजावयाचे राहून गेले, हे तीन प्रश्न विचारण्यास ब्लॅकपासून व्हर्ननपर्यंतच्या माणसांनी आम्हांला शिकविले. उन्हाळे दिवसेंदिवस कडक होत आहेत. बांधकामावरची बाई, डांबर टाकणारा मजूर, पत्र्याखाली शिवणयंत्र चालविणारा कारागीर यांच्या बाजूने हे प्रश्न कोणीतरी विचारावयास हवेत. आपण उद्या दुपारी अशा एखाद्या ठिकाणावरून जाल, तेव्हा क्षणभर थांबून एवढे पाहावे की त्या माणसाच्या अंगातील उष्णतेला बाहेर पडावयास एक तरी वाट मोकळी आहे काय. इतकी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.